लिनक्सवर प्रोसेसरची कॅश चुकीची दिसते किंवा दिसतच नाही, तेव्हा करायची तपासणी

नव्या संगणकावर लिनक्स बसवल्यानंतर बरेच जण प्रोसेसरची माहिती पाहायला जातात आणि कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण अतिशय वेगवान मेमरीच्या, आकड्यांपाशी अडखळतात. एएमडीचा रायझन ९ ५९५०एक्स घ्या. त्याच्या जाहिरातीत ७२ एमबी कॅश असते, लिनक्समधली एक कमांड ६४ एमबी सांगते, दुसऱ्या ठिकाणी ५१२ केबी दिसते आणि व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकाच्या) आतून पाहिले तर आणखी निराळाच आकडा समोर येतो. अशा वेळी प्रोसेसर सदोष आहे किंवा लिनक्सला तो ओळखता आलेला नाही, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. प्रत्यक्षात यांतला प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर असू शकतो, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा असतो आणि तो सांगणाराही वेगळा असतो. म्हणून दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी कोणता आकडा कोणी सांगितला हे शोधावे लागते, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असलेली बरी. कॅश चालवण्याचे काम हार्डवेअर स्वतः करते. लिनक्सला तिचा आकार कळला नाही म्हणून ती बंद पडत नाही. तरीही चुकीच्या माहितीचे परिणाम होतात. कोणत्या कोअरमध्ये (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एककांमध्ये) शेवटच्या स्तराची कॅश सामायिक आहे हे पाहून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, शेड्युलर कामे वाटतो, जीलिबसी या लिनक्सवरील मूळ सी लायब्ररीमधील मेमरी कॉपी करणारी फंक्शने कॅशच्या आकारावरून आपली पद्धत निवडतात, आणि गणिती लायब्ररींपैकी काही आपल्या मॅट्रिक्सचे तुकडे किती मोठे पाडायचे हे याच माहितीवरून ठरवतात. त्यामुळे आकडा खरोखरच चुकला असेल तर तो दुरुस्त करण्यासारखा असतो. फक्त तो चुकला आहे याची आधी खात्री हवी.

या लेखात कमांड आणि फाइलींचे पथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करावेत.

सुरुवातीला जवळ काय असावे

- प्रोसेसरचे पूर्ण मॉडेल नाव, शेवटच्या अक्षरांसह. एक्स, के किंवा एक्स३डी अशा एका अक्षराच्या फरकानेही कॅश बदलू शकते.
- उत्पादकाच्या संकेतस्थळावरील त्याच मॉडेलचे तपशीलपत्रक. विक्रीच्या पानावरील माहिती पुरेशी नसते.
- रूट वापरकर्त्याचे किंवा सुडोचे अधिकार. सगळ्या पायऱ्यांना ते लागत नाहीत, पण फर्मवेअरची (मदरबोर्डवरील बायोस किंवा यूईएफआयची) माहिती वाचायला लागतात.
- एलएससीपीयू ही कमांड. ती यूटिल-लिनक्स या पॅकेजात असते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वितरणात आधीच बसलेली असते.
- डीएमआयडीकोड, सीपीयूआयडी आणि एचडब्ल्यूलॉक ही तीन पॅकेजे. ती आपल्या वितरणाच्या पॅकेज व्यवस्थापकातून बसवावीत.
- कर्नलची आवृत्ती (यूनेम -आर या कमांडने कळते) आणि मदरबोर्डच्या फर्मवेअरची आवृत्ती, दोन्ही लिहून ठेवलेल्या.

१. अपेक्षित आकडा आधी लिहून काढा

तुलना कशाशी करायची हे ठरलेले नसेल तर पुढची सगळी तपासणी भरकटते. आधुनिक प्रोसेसरमध्ये साधारणपणे प्रत्येक कोअरजवळ पहिल्या स्तराच्या दोन कॅश असतात, एक डेटासाठी आणि एक सूचनांसाठी; त्यानंतर दुसऱ्या स्तराची कॅश येते, जी एका कोअरची किंवा काही कोअरच्या गटाची असते; आणि शेवटी तिसऱ्या स्तराची मोठी कॅश अनेक कोअरमध्ये सामायिक असते. तपशीलपत्रक पाहून प्रत्येक स्तरासाठी तीन गोष्टी लिहाव्यात: एका कॅशचा आकार, अशा किती कॅश आहेत आणि प्रत्येक कॅश किती कोअर वापरतात.

इथला सर्वांत मोठा सापळा जाहिरातीतील बेरजेचा आहे. रायझन ९ ५९५०एक्सच्या ७२ एमबीमध्ये १६ कोअरची प्रत्येकी ५१२ केबी, म्हणजे एकूण ८ एमबी दुसऱ्या स्तराची कॅश आणि ६४ एमबी तिसऱ्या स्तराची कॅश अशी बेरीज आहे. ते ६४ एमबीही एकसंध नाहीत. ८ कोअरच्या दोन गटांना प्रत्येकी ३२ एमबी मिळतात. इंटेलच्या तपशिलात ‘स्मार्ट कॅश’ म्हणून दिलेला आकडा मात्र सामान्यतः फक्त तिसऱ्या स्तराचा असतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या जाहिरातीतले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

२. एलएससीपीयूचे उत्तर नीट वाचा

एलएससीपीयू एवढीच कमांड चालवली की उत्तराच्या शेवटाकडे कॅशच्या ओळी दिसतात. नव्या आवृत्त्यांमध्ये या ओळींवर ‘सम ऑफ ऑल’ असे शीर्षक असते आणि प्रत्येक आकड्यापुढे कंसात किती नग आहेत हे दिलेले असते, म्हणजे दिसणारा आकडा संपूर्ण यंत्राची बेरीज असतो. जुन्या आवृत्त्या मात्र एकाच कॅशचा आकार दाखवत. वितरण अद्ययावत केल्यानंतर पहिल्या स्तराची कॅश ‘३२ केबीवरून एकदम १९२ केबी झाली’ असे वाटते ते यामुळे; ६ कोअर असलेल्या यंत्रावर ६ गुणिले ३२ म्हणजे १९२ हा हिशेब तिथेच जुळतो. मधल्या काही आवृत्त्यांत तर बेरीज दिसते, पण नगांची संख्या आणि शीर्षक दोन्ही नसतात, आणि नवख्या माणसाचा सर्वाधिक गोंधळ तिथे उडतो.

दुसरा सापळा मिश्र कोअरच्या प्रोसेसरचा आहे. इंटेलच्या कोअर आय९-१२९००के या प्रोसेसरवर पहिल्या स्तराच्या डेटा कॅशची बेरीज ६४० केबी आणि नगांची संख्या १६ दिसते. सरळ भागाकार केला तर प्रत्येकी ४० केबी येतात, पण ४० केबीची कॅश या प्रोसेसरमध्ये कुठेही नाही. त्यातील ८ मोठ्या कोअरना प्रत्येकी ४८ केबी आणि ८ लहान कोअरना प्रत्येकी ३२ केबी मिळतात. ३८४ आणि २५६ मिळून ६४० होतात. दुसऱ्या स्तरावरही हेच घडते. तिथे मोठ्या कोअरना प्रत्येकी १.२५ एमबी असतात आणि चार-चार लहान कोअरच्या प्रत्येक गटात २ एमबी सामायिक असतात, म्हणून बेरीज १४ एमबी आणि नगांची संख्या १० दिसते. बेरजेला नगांनी भागून एका कॅशचा आकार काढण्याची सवय म्हणूनच सोडून द्यावी.

अधिक तपशिलासाठी एलएससीपीयू --कॅशेस ही कमांड वापरावी. ती प्रत्येक स्तरासाठी एका कॅशचा आकार, एकूण आकार, सेट (कॅशचे गट) आणि वे (एका गटातील जागा) यांची संख्या असा तक्ता देते. मात्र मिश्र प्रोसेसरवर ‘वन-साइज’ या स्तंभात एकाच प्रकारच्या कोअरचा आकार येतो, हे ध्यानात असू द्यावे.

३. प्रॉकमधील ‘कॅश साइज’ ही ओळ बाजूला ठेवा

/प्रॉक/सीपीयूइन्फो ही फाइल सर्वांच्या ओळखीची असते, म्हणून लोक आधी तीच उघडतात. एक्स८६ (इंटेल आणि एएमडीच्या) यंत्रांवर तिच्यात कॅशचा एकच आकडा असतो आणि तो कोणत्या स्तराचा आहे हे तिथे लिहिलेले नसते. आजच्या इंटेल प्रोसेसरवर तो सामान्यतः तिसऱ्या स्तराचा असतो, तर एएमडी प्रोसेसरवर एका कोअरच्या दुसऱ्या स्तराचा. रायझनवर दिसणारे ५१२ केबी ते हेच. रास्पबेरी पायसारख्या एआरएम यंत्रांवर ही ओळच नसते. तपासणीसाठी ही फाइल निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मॉडेलचे नाव आणि मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या, अद्ययावत करता येणाऱ्या कोडची) आवृत्ती पाहण्यापुरती ती वापरावी.

४. कर्नलची मूळ नोंद थेट वाचा

एलएससीपीयू ज्या माहितीची बेरीज करते, ती मुळात /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू०/कॅश या डिरेक्टरीत असते. तिच्यात इंडेक्स०, इंडेक्स१ अशा उपडिरेक्टरी असतात आणि प्रत्येक उपडिरेक्टरी म्हणजे त्या प्रोसेसरला (इथे प्रोसेसर म्हणजे लिनक्सने क्रमांक दिलेला कोअर किंवा त्याचा एक थ्रेड) दिसणारी एक कॅश. आजच्या एक्स८६ यंत्रांवर बहुधा इंडेक्स० पहिल्या स्तराची डेटा कॅश, इंडेक्स१ पहिल्या स्तराची सूचना कॅश, इंडेक्स२ दुसरा स्तर आणि इंडेक्स३ तिसरा स्तर असा क्रम असतो, पण त्या क्रमावर विसंबू नये. आतल्या ‘लेव्हल’ आणि ‘टाइप’ या फाइली वाचूनच ठरवावे.

एकेक फाइल उघडण्याचा त्रास वाचवण्यासाठी ग्रेप कमांडला -आर हा पर्याय, शोधायचा नमुना म्हणून एक टिंब आणि वरील डिरेक्टरीचा पथ द्यावा. सगळ्या फाइलींची नावे आणि त्यांतील मजकूर एकाखाली एक मिळतो. त्यातील या फाइली महत्त्वाच्या:

- साइज: एका कॅशचा आकार. येथील ‘के’ म्हणजे १०२४ बाइट.
- कोहेरन्सी_लाइन_साइज: एका कॅश लाइनचे, म्हणजे कॅश एका वेळी हाताळते त्या तुकड्याचे, बाइट. एक्स८६ वर हा आकडा ६४ असतो.
- नंबर_ऑफ_सेट्स आणि वेज_ऑफ_असोसिएटिव्हिटी: कॅशची अंतर्गत रचना.
- शेअर्ड_सीपीयू_लिस्ट: ही कॅश कोणकोणते प्रोसेसर वापरतात याची यादी.

आता गुणाकार करून पाहावा. लाइनचा आकार, सेटची संख्या आणि वेची संख्या यांचा गुणाकार कॅशच्या आकाराइतका आला पाहिजे. वर उल्लेख केलेल्या मोठ्या कोअरच्या डेटा कॅशमध्ये ६४ बाइटची लाइन, ६४ सेट आणि १२ वे असतात. गुणाकार ४९,१५२ बाइट, म्हणजे बरोबर ४८ केबी होतो. हा गुणाकार जुळत नसेल तर माहितीच्या उगमातच काहीतरी बिघडलेले आहे, आणि तो जुळत असेल पण तपशीलपत्रकाशी मेळ नसेल तर आपण बहुधा व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत किंवा वेगळ्या प्रकारच्या कोअरकडे पाहत आहोत.

शेअर्ड_सीपीयू_लिस्ट ही फाइल नवखे लोक वगळतात, पण मला ती आकाराइतकीच मोलाची वाटते. १२९००के वर सीपीयू१६ हा पहिला लहान कोअर असतो. त्याच्या दुसऱ्या स्तराच्या कॅशची यादी १६-१९ अशी येते, आणि चार कोअरमध्ये ती कॅश सामायिक असल्याचे तिथे उघड दिसते. रायझन ९ ७९५०एक्स३डी या प्रोसेसरच्या एका कोअर गटाला ९६ एमबी आणि दुसऱ्याला ३२ एमबी तिसऱ्या स्तराची कॅश मिळते. त्यामुळे फक्त सीपीयू० पाहून निष्कर्ष काढला तर अर्ध्या यंत्राविषयी चुकीची समजूत होते. प्रत्येक गटातील किमान एका प्रोसेसरची डिरेक्टरी उघडून पाहावी. हेच चित्र एका नजरेत हवे असेल तर एचडब्ल्यूलॉक पॅकेजातील एलएसटोपो ही कमांड चालवावी. कोअर आणि त्यांच्या कॅश यांची मांडणी ती आकृतीच्या रूपात काढून देते.

एखाद्या प्रोसेसरची कॅश डिरेक्टरी गायब दिसली तर तो प्रोसेसर चालू आहे का हे आधी पाहावे. बंद केलेल्या प्रोसेसरच्या कॅशची नोंद कर्नल काढून टाकतो. कोणते प्रोसेसर चालू आहेत त्यांची यादी /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/ऑनलाइन या फाइलीत मिळते.

५. दुसऱ्या साधनांची साक्ष घ्या, पण त्यांचा उगम ओळखून

सीपीयूआयडी ही कमांड प्रोसेसरलाच प्रश्न विचारते आणि मिळालेले उत्तर दाखवते. इंटेलच्या प्रोसेसरवर कॅशची रचना ४ क्रमांकाच्या लीफमध्ये (प्रोसेसरच्या माहितीच्या क्रमांकित कप्प्यात) असते, तर एएमडीच्या आधुनिक प्रोसेसरवर ती हेक्साडेसिमल ८०००००१डी या लीफमध्ये मिळते. कच्चे आकडे वाचणार असाल तर एक सूचना: या लीफमध्ये सेटची संख्या, वेची संख्या आणि लाइनचा आकार हे आकडे एकाने कमी करून साठवलेले असतात, म्हणून प्रत्येकात एक मिळवल्याशिवाय गुणाकार जुळणार नाही. या कमांडचे उत्तर आणि कर्नलची नोंद जुळली, तर कर्नलने प्रोसेसरचे म्हणणे नीट ऐकले आहे असे समजावे.

डीएमआयडीकोड -टी कॅश ही कमांड मात्र प्रोसेसरला काहीच विचारत नाही. मदरबोर्डच्या फर्मवेअरने संगणक सुरू होताना जो तक्ता भरून ठेवला, तो ती वाचून दाखवते. पहिल्या स्तराच्या डेटा आणि सूचना कॅश एकत्र करून, वर सगळ्या कोअरची बेरीज करून एकच आकडा लिहिणे ही अनेक फर्मवेअरची पद्धत असते. काही वेळा तक्ता अर्धवट किंवा सरळ चुकीचाही असतो. एलएसएचडब्ल्यू ही कमांडही कॅशसाठी याच तक्त्याचा आधार घेते. म्हणून ही दोन साधने एकमेकांशी जुळली याला स्वतंत्र पुरावा मानता येत नाही, आणि कर्नलची नोंद व फर्मवेअरचा तक्ता यांत फरक आढळला तर एक्स८६ यंत्रावर मी कर्नलच्या नोंदीवर विश्वास ठेवतो.

गेटकॉन्फ -ए या कमांडच्या उत्तरात कॅश हा शब्द असलेल्या ओळी शोधल्या की जीलिबसीला काय दिसते ते कळते. एक्स८६ वर जीलिबसी ही माहिती कर्नलला न विचारता थेट प्रोसेसरकडून घेते. एआरएमवर यातील बरेचसे आकार शून्य येतात. तिथे शून्याचा अर्थ ‘माहीत नाही’ एवढाच घ्यावा. एखादा प्रोग्रॅम संथ का चालतो याचा शोध घेत असाल तर मात्र याच ओळी आधी पाहाव्यात, कारण प्रोग्रॅमच्या मेमरी कॉपीवर परिणाम करते ती जीलिबसीची समजूत.

६. यंत्र खरे आहे की आभासी, हे ठरवा

खरे सांगायचे तर बऱ्याच जणांनी ही पायरी सर्वांत आधी करायला हवी. सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट ही कमांड चालवली की खऱ्या यंत्रावर ‘नन’ असे उत्तर येते. केव्हीएम, व्हीएमवेअर, मायक्रोसॉफ्ट असे काही आले तर आपण व्हर्च्युअल मशीनच्या आत आहोत. विंडोजच्या आत चालणारे लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती, हेही व्हर्च्युअल मशीनच आहे.

व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोसेसरला विचारलेल्या कॅशच्या प्रश्नाचे उत्तर हायपरव्हायझर, म्हणजे ते मशीन चालवणारा प्रोग्रॅम, देतो. क्यूएमयू या अशाच एका प्रोग्रॅमच्या अनेक प्रोसेसर मॉडेलमध्ये दुसऱ्या स्तराची ४ एमबी आणि तिसऱ्या स्तराची १६ एमबी असे ठरावीक काल्पनिक आकडे मिळतात, खालचा प्रोसेसर कोणताही असो. त्यात प्रत्येक आभासी प्रोसेसर स्वतंत्र सॉकेट (मदरबोर्डवरील प्रोसेसरची जागा) म्हणून मांडला असेल, तर प्रत्येक सॉकेटला आपापली १६ एमबीची कॅश असल्याचे दिसते आणि ८ आभासी प्रोसेसरच्या साध्या मशीनवर एलएससीपीयू १२८ एमबीची बेरीज दाखवते. एवढी कॅश त्या मशीनच्या वाट्याला येत नाही, आणि लिनक्सची यात काही चूक नाही; त्याला जे सांगितले गेले तेच तो सांगतो आहे.

होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालते तो खरा संगणक, आपल्या ताब्यात असेल तर हे सुधारता येते. लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारे साधन) वापरत असाल तर त्याच्या मशीन वर्णनात प्रोसेसरची पद्धत होस्ट-पासथ्रू ठेवून तिच्या आत कॅश हा घटक मोड ‘पासथ्रू’ असा जोडावा. क्यूएमयू थेट चालवत असाल तर प्रोसेसरच्या पर्यायांत होस्ट-कॅश-इन्फो चालू करावे. फक्त होस्ट-पासथ्रू निवडले म्हणजे कॅशची माहितीही आपोआप पुढे जाईल असे गृहीत धरू नये, ती वेगळी सेटिंग आहे. त्याबरोबर सॉकेट, कोअर आणि थ्रेड यांची मांडणीही होस्टशी सुसंगत करावी, नाहीतर आकार बरोबर आणि सामायिकता चुकीची अशी नवीच विसंगती तयार होते. भाड्याने घेतलेल्या क्लाउड मशीनवर हे काहीच आपल्या हातात नसते. तिथे दिसणारा आकडा संकेत म्हणून घ्यावा. शिवाय होस्टवर तिसऱ्या स्तराच्या कॅशचे वाटप मर्यादित केले असेल, तर पूर्ण आकार दिसूनही प्रत्यक्ष वापरायला कमी कॅश मिळते.

कंटेनरची गोष्ट उलटी आहे. कंटेनरमध्ये होस्टचाच कर्नल असतो, त्यामुळे दोन प्रोसेसरची मर्यादा घातलेल्या कंटेनरमध्येही सिस फाइलींतून सामान्यतः पूर्ण होस्टची कॅश दिसते.

७. एआरएम बोर्डवर आकार दिसत नसेल तर

एआरएमच्या ६४-बिट यंत्रांवर एक ठरलेले लक्षण आढळते: इंडेक्स डिरेक्टरी असतात, त्यांत लेव्हल आणि टाइप या फाइलीही असतात, पण साइज ही फाइल नसते आणि एलएससीपीयूमध्ये कॅशच्या ओळीच येत नाहीत. याचे कारण रचनेतच आहे. कॅशचे स्तर आणि प्रकार कर्नलला प्रोसेसरच्या रजिस्टरमधून कळतात, परंतु आकार सांगणाऱ्या रजिस्टरवर कर्नल आता विसंबत नाही, कारण त्यातील आकडे कॅशच्या देखभालीच्या सूचनांसाठी दिलेले असतात आणि ते खऱ्या रचनेशी जुळतीलच अशी हमी एआरएमची वास्तुरचना देत नाही. त्यामुळे आकाराची माहिती डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डवरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलीतून) किंवा सर्व्हर वर्गाच्या यंत्रांवर फर्मवेअरने दिलेल्या एसीपीआयच्या पीपीटीटी या तक्त्यातून यावी लागते. तिथे ती लिहिलेली नसेल तर कर्नल अंदाज करत नाही.

आधी डीएमईएसजी या कमांडच्या उत्तरात ‘कॅशइन्फो’ हा शब्द शोधावा. ‘अनएबल टू डिटेक्ट कॅश हायरार्की फॉर सीपीयू ०’ असा संदेश दिसला, तर बहुधा डिव्हाइस ट्रीमध्ये पुढच्या स्तराच्या कॅशचा दुवा नाही. नंतर /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/सीपीयूज या डिरेक्टरीतील प्रत्येक प्रोसेसरच्या नोंदीत डी-कॅश-साइज, आय-कॅश-साइज आणि नेक्स्ट-लेव्हल-कॅश हे गुणधर्म आहेत का ते पाहावे. या फाइली मजकुराच्या नसतात, म्हणून कॅट कमांडने काहीच वाचनीय दिसत नाही. ओडी किंवा एक्सएक्सडी वापरून त्यांतील बाइट पाहावेत. ३२ केबीची नोंद ०० ०० ८० ०० अशी दिसते, आणि ६४ बाइटच्या लाइनची ०० ०० ०० ४० अशी.

गुणधर्म नसतील तर आधी बोर्डचा नवा कर्नल आणि नवी डिव्हाइस ट्री फाइल बसवून पाहावी; अनेक बोर्डांसाठी ही माहिती नंतर जोडली गेली आहे. तरीही नसेल तर ती स्वतः लिहिता येते, पण प्रत्येक आकडा चिपच्या अधिकृत दस्तऐवजातून घ्यावा. उदाहरणार्थ, रास्पबेरी पाय ४ मधील कॉर्टेक्स-ए७२ कोअरना ४८ केबी सूचना कॅश आणि ३२ केबी डेटा कॅश असते व चारही कोअरमध्ये १ एमबी दुसऱ्या स्तराची कॅश सामायिक असते. ४८ केबी म्हणजे ६४ बाइट, २५६ सेट आणि ३ वे. हा गुणाकार लिहिण्याआधीच करून पाहावा. त्याच कोअरचे दुसऱ्या कंपनीच्या चिपवरील आकडे उचलून लावणे टाळावे, कारण दुसऱ्या स्तराचा आकार चिप बनवणारी कंपनी ठरवते.

८. फर्मवेअर, मायक्रोकोड आणि जुना कर्नल

खऱ्या एक्स८६ यंत्रावर, चालू कर्नलसह, इथपर्यंत येऊनही आकडे जुळले नाहीत असे क्वचितच होते. झालेच तर क्रमाने तीन गोष्टी कराव्यात: वितरणातला सर्वांत नवा कर्नल, मायक्रोकोडचे पॅकेज आणि मदरबोर्डचे नवे फर्मवेअर. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर चौथ्या पायरीतील नोंद पुन्हा घ्यावी, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ‘लिमिट सीपीयूआयडी मॅक्सिमम’ असा पर्याय असेल तर तो बंद ठेवावा. तो फार जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी होता आणि प्रोसेसरची वरच्या क्रमांकांची माहिती, म्हणजे कॅशची रचनाही, तो लपवतो.

कर्नलच्या सुरुवातीच्या पर्यायांत ‘कॅशसाइज’ नावाचा एक पर्याय आहे आणि शोधाशोध करताना तो हमखास सापडतो. तो वापरण्याचा मोह आवरावा. हा पर्याय ३२-बिट एक्स८६ च्या काळातील अशा प्रोसेसरसाठी आहे, ज्यांचा आकार ओळखण्याचा खात्रीचा मार्गच नव्हता. पेंटियम ३ टुआलाटिनचे २५६ केबी आणि ५१२ केबी असे दोन प्रकार होते, ते वेगळे ओळखता येत नसल्याने कर्नल २५६ गृहीत धरतो आणि ५१२ वाल्यांनी हा पर्याय द्यावा अशी सोय आहे. आधुनिक यंत्रावर त्याने आजार बरा होत नाही, आणि खरी कॅश तर एका बाइटनेही वाढत नाही.

९. शंका उरली तर मोजून पाहा

कोणाच्याही म्हणण्यावर अवलंबून न राहता कॅशचा अंदाज घेण्याचा मार्ग म्हणजे वाढत्या आकाराच्या मेमरीत उलटसुलट क्रमाने वाचन करून प्रत्येक वाचनाला लागणारा वेळ मोजणे. एलएमबेंच संचातील लॅट_मेम_आरडी हा प्रोग्रॅम हे काम करतो. आकार पहिल्या स्तरात मावतो तोवर एका वाचनाला ४-५ सायकल लागतात. तो स्तर ओलांडला की वेळ पायरीसारखा वर चढतो, दुसरा ओलांडला की पुन्हा चढतो आणि तिसऱ्याच्या पुढे मुख्य मेमरीचा शेकडो सायकलींचा काळ सुरू होतो. पायऱ्या जिथे येतात तिथे कॅश संपतात.

मोजणी करताना टास्कसेट कमांडने प्रोग्रॅम एकाच कोअरला बांधावा आणि यादृच्छिक क्रमाचा पर्याय निवडावा, नाहीतर प्रोसेसर पुढचा डेटा आधीच आणून ठेवतो आणि पायऱ्या पुसट होतात. एका कोअरला स्वतःच्या गटाचीच तिसऱ्या स्तराची कॅश मिळते, म्हणून ५९५०एक्सवर शेवटची पायरी ३२ एमबीच्या आसपास येईल. ६४ एमबीला ती न आल्याने घाबरू नये. ४ केबीच्या पानांमुळे पत्त्यांच्या भाषांतरालाही वेळ लागतो आणि मोठ्या आकारांवर रेषा जरा लवकरच चढू लागते, तेव्हा नेमक्या आकड्यापेक्षा पायरीचा अदमास पाहावा.

आकार सगळीकडे बरोबर दिसतो, पण मोजणीत अगदी लहान आकारालाही मुख्य मेमरीइतका वेळ लागतो, असे झाले तर हा ओळखण्याचा दोष नाही. अशा वेळी डीएमईएसजीमध्ये एमटीआरआरविषयी (मेमरीचा कोणता भाग कॅशमध्ये ठेवायचा हे ठरवणाऱ्या रजिस्टरविषयी) तक्रार आहे का ते पाहावे. फर्मवेअरने मेमरीचा काही भाग कॅशबाहेर ठेवला की संगणक कमालीचा संथ होतो, आणि त्याचा उपाय नवे फर्मवेअर हाच असतो.

१०. दोष खरा ठरला तर तो नोंदवा

तक्रार आधी आपल्या वितरणाकडे करावी. तिथले लोक ती गरजेप्रमाणे कर्नलच्या विकसकांकडे पाठवतात. सोबत यूनेम -ए, एलएससीपीयू, एलएससीपीयू --कॅशेस, चौथ्या पायरीतील ग्रेपचे संपूर्ण उत्तर, सीपीयूआयडीचे उत्तर आणि डीएमईएसजीचा मजकूर जोडावा. प्रत्येक कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लिहिले की उत्तर इंग्रजीत येते आणि वाचणाऱ्याची अडचण होत नाही. अपेक्षित आकडा कोणता, तो तपशीलपत्रकात कुठे दिला आहे आणि दिसतो तो आकडा कोणता, हे पहिल्या दोन वाक्यांतच लिहावे.

डीएमआयडीकोडचे पूर्ण उत्तर मात्र कोठेही चिकटवू नये, कारण त्यात यंत्राचे अनुक्रमांक आणि यूयूआयडी असतात. -टी कॅश हा पर्याय देऊन मिळालेला भाग पुरेसा आहे. डीएमईएसजीमध्येही डिस्कचे आणि नेटवर्क कार्डचे ओळख क्रमांक येऊ शकतात, ते पाठवण्याआधी खोडून टाकावेत.